ज्ञान खरे आहे हे कशावरून?

चि. मृण्मयी,

एखादे ज्ञान खरे असणे आणि ते खरे आहे असे कळणे या बाबी एकच की वेगळ्या, हा तुझ्या पत्रातील प्रश्न भारतीय दर्शनांत ‘प्रामाण्यवाद’ या नावाने शतकानुशतके चर्चिला गेला असून, प्रामाण्य म्हणजे वस्तू जशी आहे तशीच ती जाणली जाणे, एवढा अर्थ ध्यानात घेतला की पुढचा वाद अवघड राहत नाही.

7 व्या शतकातील कुमारिल भट्ट आणि मीमांसा दर्शनातील त्यांचे अनुयायी ‘स्वतःप्रामाण्य’ मानतात: ज्ञान उपजते तेच खरेपणा घेऊन, दाखला लागतो तो खोटेपणासाठी, म्हणजे पुढे विरोधी ज्ञान झाले किंवा डोळ्यांत काविळीसारखा दोष आढळला, तरच आधीचे ज्ञान सोडावे. वेदांना कर्ता नाही, म्हणून त्यांच्या खरेपणाला कोणाची साक्षही नको, ही भूमिका या मतामागे होती. परंतु तेवढ्यावरून ते बाजूला सारणे अन्यायाचे ठरेल, कारण प्रत्येक ज्ञानासाठी दुसऱ्याची साक्ष मागितली, तर दुसऱ्यासाठी तिसऱ्याची मागावी लागते, आणि या न संपणाऱ्या साखळीला, म्हणजे ‘अनवस्थे’ला, उत्तर देणे कोणालाच टळत नाही.

नैयायिक, म्हणजे न्याय दर्शनाचे अनुयायी, मात्र ‘परतःप्रामाण्य’ मानतात, म्हणजे खरेपणा दुसऱ्या साधनाने कळतो. मिथिलेच्या गंगेशांनी 14 व्या शतकात ‘तत्त्वचिंतामणी’त यासाठी दिलेली युक्ती फार मोलाची आहे: ज्ञानाबरोबरच त्याचा खरेपणाही कळत असता, तर अनोळखी ठिकाणी दुरून पाणी दिसल्यावर ते पाणी की मृगजळ, अशी शंका आलीच नसती. माणूस पुढे जातो, तहान भागते, आणि या ‘सफल प्रवृत्ती’वरून, म्हणजे कृती यशस्वी झाल्यावरून, आधीच्या ज्ञानाच्या खरेपणाचे अनुमान होते. तहान भागली म्हणून ते ज्ञान खरे झाले असे मात्र नव्हे. तेथे पाणी होते म्हणून ते आधीच खरे होते, आणि तहान भागणे ही त्याची केवळ खूण. उपयोगी पडते ते सत्य, या तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांच्या विचारापासून न्यायमत येथेच दूर होते. अनवस्थेचा आक्षेपही उरत नाही, कारण पडताळा शंका उद्भवते तेथेच हवा असतो, आणि परिचयाच्या गोष्टींत ती सहसा उद्भवत नाही.

या वादात नैयायिकांची बाजू अधिक बळकट ठरते. सत्य जाणणाऱ्याच्या खात्रीवर अवलंबून नाही, हे तिच्यात स्पष्ट राहते. 17 व्या शतकातील अन्नंभट्टांनी आपल्याच ‘तर्कसंग्रहा’वर लिहिलेल्या ‘दीपिके’त हा वाद थोडक्यात आला आहे; मूळ वाचनास तेथून आरंभ करावा.

कळावे,
तुझी मावशी