जहाज, हृदय आणि एक रकाना

गतवर्षी उपवासकाळातील एका संध्याकाळी आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब धर्मगुरूनिवासाच्या ओटीवर येऊन बसले. हाती दोन-तीन विमा कंपन्यांची माहितीपत्रके होती आणि चेहऱ्यांवर, घरात कार्य निघाले असता दिसतो तसा, आनंदाचा व वैतागाचा संमिश्र भाव होता. काका-काकूंच्या लग्नाला मे महिन्यात पन्नास वर्षे पूर्ण होत होती. हॉल, बँड आणि पाचशे माणसांचे जेवण हा नेहमीचा बेत बाजूस सारून मुलांनी आईवडिलांना भूमध्य समुद्रातील सात रात्रींच्या सफरीवर नेण्याचे ठरविले होते. जिनोआला जहाजात बसायचे. मग रोमनजीकचे चिव्हितावेक्किया, सिसिलीतील मेसिना, माल्टाचे वॅलेटा, बार्सिलोना, मार्सेय आणि परत जिनोआ. एकंदर नऊ माणसे: काका-काकू, वसईतला थोरला, दुबईत नोकरीस असलेला धाकटा, दोघी सुना आणि तीन नातवंडे.

“तिकिटे झाली, फादर. विसासाठी विम्याचा कागद लागतो. तुम्ही सेमिनरीत कायदा शिकलात, हे बारीक अक्षर तुम्हीच वाचून सांगा,” थोरला म्हणाला.

आम्ही शिकलो त्या चर्चच्या कायद्याचा आणि विम्याचा काय संबंध, असे उत्तर ओठांवर आले होते. पण ते खरे नव्हते, हे पुढे दिसेलच.

थोरल्याचे म्हणणे सरळ होते. शेंगेन देशांच्या विसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण लागते. तेवढे देणारी सर्वांत स्वस्त पॉलिसी घ्यावी आणि मोकळे व्हावे. एजंटाने अर्ज जवळजवळ भरूनच दिला होता. काकांच्या अर्जात ‘पूर्वीचे आजार’ या रकान्यात त्याने ‘नाही’ असे लिहिले होते. आठ वर्षांपूर्वी काकांच्या हृदयात स्टेंट बसविला आहे, हे त्याला ठाऊक होते. “लिहिले की हप्ता वाढतो, कधी पॉलिसीच नाकारतात. आणि आठ दिवसांत असे काय होणार आहे?” हा त्याचा युक्तिवाद थोरल्याने आम्हांला जसाच्या तसा ऐकविला. काकांनी तीस वर्षे मालवाहू जहाजांवर भंडारी म्हणून स्वयंपाक केला. समुद्राच्या गोष्टी निघाल्या की त्यांना आवरणे कठीण. त्या संध्याकाळी मात्र ते आवारातल्या विहिरीकडे पाहत गप्प बसून होते. आम्ही कागद ठेवून घेतले आणि दोन दिवसांनी या म्हणून सांगितले.

रात्री ती पत्रके वाचीत असता एक योगायोग ध्यानात आला. ज्या जिनोआहून हे कुटुंब जहाजात बसणार होते, तेथेच सागरी विम्याच्या अतिशय जुन्या ज्ञात करारांपैकी एक १३४७ साली लिहिला गेला. जहाजाचे नाव सांता क्लारा, प्रवास जिनोआ ते मायोर्का. गंमत अशी की त्या कागदावर ‘विमा’ हा शब्दच नाही. विमा देणाऱ्याने आपण बिनव्याजी उसने पैसे घेतल्याचे त्यात कबूल केले होते. जहाज सुखरूप पोहोचले तर उसनवार रद्द, न पोहोचले तर त्याने रक्कम भरावयाची. उसनवार मुळी झालीच नव्हती. हा मुखवटा का घ्यावा लागला? पोप नववे ग्रेगरी यांच्या १२३४ सालच्या आज्ञासंग्रहात ‘नाविगांती’ या आरंभशब्दाने ओळखला जाणारा एक आदेश आहे. समुद्रावर जाणाऱ्याला पैसे देऊन, धोका अंगावर घेतल्याबद्दल मुद्दलाहून अधिक घेणारा तो व्याजखोर समजावा, असे तो सांगतो. (मूळ लॅटिनमधून एक नकार गळून पडला असावा, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. त्या एका नकारावरून सेमिनरीत आमची दोन संध्याकाळ कडाक्याची वादावादी झाली होती.) व्याजाचा ठपका चुकवावयाचा म्हणून व्यापाऱ्यांनी असे वेष पालटले, असे इतिहासकार सांगतात. म्हणजे विम्याच्या बालपणी कागदावर एक आणि मनात दुसरे, या लपवालपवीला आमच्या पूर्वसूरींचाही हातभार लागला होता.

पुढे हे चित्र पार उलटले. १७६६ साली लॉर्ड मॅन्सफील्ड या इंग्रज न्यायाधीशांनी सुमात्रातील एका किल्ल्याच्या विम्याच्या खटल्यात जे तत्त्व मांडले, त्यावर आपल्याकडचा विमाही उभा आहे. धोक्याची खरी माहिती विमा घेणाऱ्यापाशी असते, देणाऱ्यापाशी नसते. म्हणून घेणाऱ्याने ती न लपविता सांगितली पाहिजे. कायद्याच्या भाषेत याला परम सद्भाव म्हणतात. एजंटाने भरून दिलेला तो रकाना म्हणजे काही क्षुल्लक औपचारिकता नव्हती. सगळा करार त्या रकान्यावर तोललेला होता. काही वर्षांपूर्वी आमच्याच धर्मग्रामातील एका निवृत्त शिक्षकांना परदेशी लेकीकडे असताना पक्षाघाताचा झटका आला. रक्तदाबाची गोळी अर्जात लिहिली नव्हती, एवढ्यावरून एका कंपनीने त्यांचा दावा फेटाळला. ती गोळी न लिहिण्याचा सल्ला कंपनीच्याच माणसाने दिला होता. पण सही शिक्षकांची होती. लेकीला ते कर्ज फेडावयास चार वर्षे लागली.

माहितीपत्रके वाचताना आणखी पुष्कळ गोष्टी उघड झाल्या. जहाजावर दवाखाना असतो, डॉक्टर असतात. पण त्यांचे बिल युरोंत किंवा डॉलरांत खोलीच्या खात्यावर चढते, आणि आपला घरचा मेडिक्लेम साधारणतः देशाच्या हद्दीबाहेर चालत नाही. दुखणे दवाखान्याच्या आवाक्याबाहेरचे असेल तर रोग्याला पुढच्या बंदरात उतरवितात, अगदीच निकड असेल तर हेलिकॉप्टरने उचलतात. जहाज पुढे निघून जाते. मागे रोगी आणि त्याच्यापाशी राहिलेले माणूस, परक्या भाषेच्या गावात. जहाज फुटले वा आगीत सापडले तर जहाज कंपनीवर जबाबदारी येते. ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे जहाज १३ जानेवारी २०१२ रोजी याच चिव्हितावेक्कियाहून निघून त्याच रात्री जिल्यो बेटाच्या खडकावर आदळले आणि ३२ माणसे दगावली, तेव्हा सगळ्या जगाला जहाजाची धास्ती वाटली होती. पण प्रवाशाचे स्वतःचे हृदय थांबले तर त्याला जहाज कंपनी काय करणार? सागरसफरीच्या विम्यात जहाज बुडण्यापेक्षा माणूस आजारी पडण्याचाच विचार अधिक करावा लागतो, हे आम्हांला त्या रात्री प्रथमच कळले. २०२० च्या फेब्रुवारीत ‘डायमंड प्रिन्सेस’ जहाज योकोहामाला अडकून पडले. ३,७११ माणसांपैकी सातशेहून अधिक बाधित झाली, त्या जहाजावर भारतीय खलाशीही होते. तेव्हापासून सक्तीच्या विलगीकरणाचा खर्च कोण देणार, हेही पॉलिसीत शोधावे लागते.

दोन दिवसांनी आम्ही थोरल्याला हे सांगू लागलो तेव्हा त्याचा चेहरा उतरत गेला. ३०,००० युरो हा विसाचा उंबरठा आहे, समुद्रावरच्या आजाराचे माप नव्हे. नऊ जणांची एकच पॉलिसी होणार नव्हती. कुटुंबाच्या एकत्रित पॉलिसीत साठीपुढच्या आईवडिलांना बहुधा घेत नाहीत, आणि एकत्रित रकमेत एकाच्या आजाराने सर्वांची शिदोरी संपू शकते. दुबईच्या धाकट्याचा प्रवास भारतातून सुरू होत नसल्याने त्याचा विमा तिथलाच हवा. तिथल्या पॉलिसीतही एक गोष्ट पाहावयास हवी: ऐन वेळी वसईत वडील आजारी पडून सफर रद्द झाली, तर ‘निकटचे नातेवाईक’ या व्याख्येत ते बसतात की नाही? केवळ शेंगेन देशांपुरती पॉलिसी घेतली तर वाटेत आखातात विमान बदलताना काही घडल्यास काय? विमान आदल्याच दिवशी जिनोआला पोहोचणारे घ्यावे, कारण जहाज कोणासाठी थांबत नाही आणि चुकलेले जहाज पुढच्या बंदरावर आपल्या खर्चाने गाठावे लागते. सफर रद्द होण्याचे संरक्षण पॉलिसी घेतल्या दिवसापासून लागू होते, म्हणून तिकिटानंतर महिना दवडण्यात शहाणपण नव्हते. मात्र मन बदलले म्हणून पैसे मिळत नाहीत, आणि विसा नाकारला गेला तरी साधारण पॉलिसीत बहुधा नाहीच.

“आणि काकांच्या अर्जात स्टेंट लिहावाच लागेल,” आम्ही शेवटी म्हटले. काका त्या दिवशी आले नव्हते.

ते आले दुसऱ्या दिवशी, पहाटेच्या मिस्सानंतर, एकटेच. (ते जे बोलले ते ओटीवर बसून, प्रायश्चित्त संस्काराच्या बाहेर, अन्यथा येथे एक अक्षरही लिहिता आले नसते. लिहितो आहोत तेही त्यांच्या अनुमतीने.)

“फादर, स्टेंटचे पोरांना ठाऊक आहे. दुसरे ठाऊक नाही.” त्यांनी सदऱ्याच्या खिशातून जिभेखाली ठेवावयाच्या गोळ्यांची पट्टी काढली. नाताळानंतर चालताना छातीत दाटून येत होते. विरारला एका डॉक्टरांकडे ते एकटेच जाऊन आले होते.

“का लपविलेत, काका?”

“सांगितले असते तर मला घरी ठेवून गेले असते. किंवा कोणीच गेले नसते. म्हातारीने आयुष्यभर माझी पत्रे वाचली, समुद्र कधी पाहिला नाही. पाहिला तो अर्नाळ्याचा.”

आम्ही काही बोललो नाही. मग त्यांनी विचारले, “पण एक सांगा. मेलो तर आणतात का परत?”

या प्रश्नामागे एक जुनी हकीगत होती. त्यांच्या जहाजावरचा एक गोव्याचा खलाशी ऐन महासागरात तापाने गेला. बंदर नऊ दिवसांवर होते. कॅनव्हासमध्ये शिवून, पायांशी लोखंड बांधून त्याला समुद्रात सोडला. काकांनीच प्रार्थना म्हटली, कारण कॅथलिक तेवढे तेच उरले होते. पुढे त्याच्या आईकडे त्याची पेटी पोहोचवावयास ते स्वतः गेले. म्हातारीने पेटी उघडलीच नाही. माझा मुलगा कुठे पुरला ते गाव सांग, एवढेच ती पुन्हा पुन्हा विचारीत राहिली.

आम्ही पत्रक उघडून ते कलम त्यांना दाखविले. मृतदेह मायदेशी आणण्याचा खर्च, अमुक डॉलरपर्यंत. काकांनी चष्मा लावून तो आकडा दोनदा वाचला. मग आम्हांला सांगणे भाग होते ते सांगितले: छातीच्या दुखण्याने काही झाले आणि ते दुखणे अर्जात नसेल, तर कंपनी हेही कलम नाकारू शकेल, मग काकूंना परक्या बंदरात तुमच्यापाशी बसून पैशांची जुळवाजुळव करावी लागेल.

ते बराच वेळ बसून राहिले. चहा निवला. “थोरल्याला तुम्ही सांगाल?” “नाही,” आम्ही म्हटले. “तुम्हीच सांगा. हवे तर आम्ही शेजारी बसतो.”

तसेच झाले. थोरला प्रथम संतापला, मग घाबरला, मग बापाला घेऊन हृदयरोगतज्ज्ञांकडे गेला. तपासण्या झाल्या, औषधे बदलली. तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी प्रवासास हरकत नसल्याचे लिहून दिले. पहिल्या कंपनीने खरा अर्ज पाहून नकार दिला. दुसरीने पॉलिसी दिली ती हात आखडून: जुन्या आजारासाठी केवळ जिवावर बेतले तरच, तेही ठराविक मर्यादेपर्यंत, दवाखान्याची खोली आणि शस्त्रक्रिया यांवर पोटमर्यादा, प्रत्येक दाव्यातील पहिले शंभर डॉलर आपले, आणि रुग्णालयात भरती होण्यापूर्वी मदतकेंद्राला दूरध्वनी करण्याची अट. मृतदेहाच्या कलमाला मात्र जुन्या आजाराची आडकाठी नाही, हे आम्ही कंपनीकडून लेखी मागून घेतले. हप्ता एजंटाच्या आकड्याच्या जवळजवळ तिप्पट. थोरला कुरकुरला, पण भरला. एजंट अजूनही आम्हांला रस्त्यात पाहिले की दुसरीकडे बघतो.

मे महिन्यात सगळी नऊ माणसे गेली. काकांनी मदतकेंद्राचा क्रमांक जाड अक्षरांत एका चिठ्ठीवर लिहून जपमाळेच्या डबीत ठेवला होता. वॅलेटाला संत पौलाच्या जहाजभंगाच्या नावाने चर्च आहे. त्याच्या दारातला काका-काकूंचा फोटो धाकट्याने आम्हांला पाठविला. काकांना सबंध सफरीत जिभेखालची गोळी एकदाही लागली नाही. मार्सेय सोडल्यावर थोरली सून ओल्या जिन्यावरून घसरली आणि तिचे मनगट मोडले. जहाजावरच्या डॉक्टरांचे बिल, एक्स-रे, लेखी अहवाल, सगळे कागद काकांनीच जपून आणले. दोन महिन्यांनी, शंभर डॉलर वजा जाता, पैसे मिळाले.

परवा मिस्सानंतर काका ओटीवर आले आणि खुर्ची ओढून म्हणाले, “फादर, खरे लिहिले मी, आणि पैसे मिळाले सुनेच्या मनगटाला.”