पार्ट कशाने गेला?

फ्रिजच्या आत, बहुतेक वेळा भाजीच्या खणाच्या बाजूला, एक छोटी पाटी चिकटवलेली असते. मॉडेल नंबर, गॅसचं नाव, तो किती ग्रॅम भरलाय, व्होल्ट, अँपिअर, आणि त्यातच कुठेतरी 'क्लायमेट क्लास' लिहून पुढे एखाद-दुसरं अक्षर. ही पाटी घरात कुणी वाचत नाही. मी दुरुस्तीला गेलो की दार उघडून आधी तीच वाचतो. 'एन' असेल तर खोलीतली हवा ३२ अंशांपर्यंत असताना हा फ्रिज नीट चालावा अशी त्याची घडण, 'एसटी' असेल तर ३८ आणि 'टी' असेल तर ४३. मेच्या अखेरीला इथे जयपुरात पारा ४५च्या आसपास जातो, आणि तो सावलीतला. गच्चीला लागून असलेल्या स्वयंपाकघरात, शेगडी पेटलेली असताना किती होत असेल ते तिथे उभं राहून पोळ्या लाटणाऱ्या बाईलाच विचारावं. म्हणजे सगळ्यात वरच्या वर्गातलं यंत्रसुद्धा इथे उन्हाळाभर आपल्या मर्यादेबाहेर राबत असतं. इथल्या फ्रिजच्या पुष्कळशा दुखण्यांचं मूळ मला तिथे सापडतं.

फ्रिज थंडी तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. ती टाकायची तर बाहेरची जाळी खोलीच्या हवेपेक्षा चांगली दहा-पंधरा अंशांनी गरम व्हावी लागते. खोलीच तापलेली, त्यात पश्चिमेकडून आलेल्या आंधीची बारीक माती जाळीवर बसलेली. मग कॉम्प्रेसर थांबायचं नावच घेत नाही. वर्षातून दोनदा, होळीनंतर आणि पावसाळा संपल्यावर, प्लग काढून मागची जाळी मऊ ब्रशने झाडली तरी माझ्यासारख्याला बोलावण्याची वेळ बरीच लांबते. बऱ्याच नव्या फ्रिजना मागे जाळी दिसत नाही, कारण ती बाजूच्या पत्र्याच्या आत असते. असा फ्रिज कपाट आणि भिंत यांच्यात गच्च बसवला की त्याचा श्वासच कोंडतो. बाजू गरम लागतात म्हणून घाबरून फोन येतात. त्या गरम लागायलाच हव्यात.

आमचं घर मूळचं सांगली जिल्ह्यातल्या विट्याकडचं. खानापूर-आटपाडीची गलाई करणारी माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या कामाला देशभर पांगली, तसेच माझे वडील, आमचे दादा, जयपूरच्या जौहरी बाजारातल्या एका गल्लीत आले. मूस, भट्टी, ज्योत हे सगळं मी लहानपणापासून पाहिलं. दागिना गाळायला घेण्याआधी दादा तो उलटसुलट करून बघत, डाग कुठे कुठे लावलाय ते शोधत, कुणाच्या हातचा आहे ते विचारत. ते कळल्याशिवाय आच द्यायची नाही. मी आयटीआयचा रेफ्रिजरेशनचा दोन वर्षांचा कोर्स करून दुसऱ्या धंद्यात गेलो, पण ती सवय माझ्याकडे आली. तांब्याच्या नळीला चांदीच्या सळईने सांधा मारतानाही दादांचीच शिकवण कामी येते: सळई ज्योतीत धरायची नाही. नळी सगळीकडून सारखी तापली की सळई नुसती टेकवायची, धातू आपणहून सांध्यात ओढला जातो.

या धंद्यात मला एकच गोष्ट ठामपणे सांगायची आहे. जुना पार्ट कशाने गेला हे कळल्याशिवाय नवा पार्ट विकत घेऊ नये.

सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार घ्या. डबल डोअर फ्रॉस्ट फ्री फ्रिज. वर फ्रीझरमध्ये बर्फ घट्ट आणि खाली दूध नासतंय. घरचे म्हणतात, "गैस खत्म हो गई, भैया, भर दो." घाईत असलेला मेकॅनिक भरतोही. पण गॅस कमी झाला असता तर फ्रीझरही ढिला पडला असता. अशा बहुतेक फ्रिजमध्ये थंड होणारी कॉइल एकच असते, फ्रीझरच्या मागे, आणि पंखा तिथली हवा खाली ढकलतो. कॉइलवर हिम साचतं, म्हणून ठरावीक तासांनी एक हीटर ते वितळवतो. हीटर चाललाच नाही तर हिमाची भिंत होते आणि खाली हवा जात नाही. फ्रीझरचं मागचं झाकण काढलं की ही भिंत समोरच दिसते.

इथून पुढे खरं काम. हीटरच्या वाटेवर दोन पहारेकरी असतात, बायमेटल आणि थर्मल फ्यूज. बायमेटल थंडीत जोडलेला राहतो आणि कॉइल कोमट झाली की सुटतो. तो सुटलाच नाही, तर हीटर तापत राहतो आणि प्लास्टिक वितळण्याआधी फ्यूज स्वतः जातो. तो एकदा गेला की परत जुळत नाही. आता मीटर लावून फ्यूज गेलेला दिसला आणि तेवढाच बदलला, तर काही आठवड्यांत नवा फ्यूजही जाणार, कारण त्याला मारणारा बायमेटल तसाच आत बसलाय. उलटंही घडतं. चांगला बायमेटल टेबलावर ठेवून मीटरने तपासतात, तो जुळलेला दिसत नाही, म्हणून फेकून देतात. खोलीच्या उष्णतेत तो सुटलेलाच असायचा! मी वाटीत बर्फ घेतो, मूठभर मीठ घालतो, प्लास्टिकच्या पिशवीत बायमेटल ठेवून ती त्यात बुडवतो आणि मग मीटर लावतो. कुल्फीवाल्याच्या या जुन्या युक्तीने शून्याच्या बरंच खाली जाता येतं. थंडीत जुळला आणि बाहेर काढल्यावर सुटला, तर त्याला हात लावायचा नाही.

गॅसकेटचंही तसंच आहे. दाराचं रबर इथल्या कोरड्या उन्हाळ्यात कडक होतं, कोपऱ्यात फाटतं, मग पावसाळ्यात फटीतून दमट हवा आत जाते आणि आत पाणी सुटतं. दारात कागद धरून दार लावायचं आणि ओढून बघायचं. जिथे तो सहज निसटतो तिथे फट. पण रबर मऊ आहे, चुंबकाची पट्टी धड आहे, तरी वरच्या कोपऱ्यात फट दिसते, तेव्हा रबर बदलून काही होत नाही. दार खाली बसलेलं असतं. बिजागरीतला नायलॉनचा बुश झिजलेला असतो. तो किरकोळ बुश बदलून दार वर घेतलं की जुनंच गॅसकेट परत धरतं. गॅसकेट घ्यायचीच वेळ आली तर मॉडेल नंबर घेऊन जावं आणि जुन्याचा एक तुकडा कापून सोबत न्यावा, कारण खाचेत बसणारं आणि स्क्रूने पट्टीखाली दाबलं जाणारं असे प्रकार वेगळे. नवं रबर घडी पडून येतं. कोमट पाण्यात ठेवून सुरकुत्या काढल्याशिवाय बसवू नये. साफ करायला ओलं फडकं आणि थोडा सौम्य साबण पुरतो.

कॉम्प्रेसर सुरू करून देणाऱ्या रिलेच्या बाबतीत गिऱ्हाइकाचा पैसा सगळ्यात जास्त वाया जातो. कॉम्प्रेसर 'टक' करतो, गुरगुरतो, परत 'टक' करून बंद पडतो. परकोट्याच्या, म्हणजे शहराच्या जुन्या तटाच्या, आतल्या घरांत संध्याकाळी व्होल्टेज पडलं की हे हमखास. कॉम्प्रेसरला उठायला जोर मिळत नाही, करंट कित्येक पट ओढला जातो, ओव्हरलोड नावाचा सुरक्षा-स्विच त्याला तोडतो. रिले जळलेला दिसतो म्हणून रिले बदलतात. आधी भिंतीतल्या सॉकेटवर व्होल्टेज बघा, जाळीवरची माती बघा, मग कॉम्प्रेसरच्या तीन पिनांचा रोध मोजा. साध्या कॉम्प्रेसरमध्ये कोणत्याही दोन पिनांमधला सगळ्यात मोठा आकडा उरलेल्या दोन आकड्यांच्या बेरजेइतका यायला हवा. तो आला, पिनेपासून बॉडीपर्यंत गळती नाही, तर कॉम्प्रेसर बहुधा वाचतो आणि गरज स्टॅबिलायझरची असते. ओव्हरलोड मात्र त्या कॉम्प्रेसरच्या अँपिअरला जुळणाराच हवा. मोठा घातला तर तो वेळेवर तोडणार नाही आणि वाइंडिंग जळेल.

कॉम्प्रेसर खरंच गेला असेल तर नवा घ्यावा. बाजारात जुना कापून, आत वाइंडिंग भरून, परत वेल्ड करून रंगवलेलाही मिळतो. कमरेवरचा वेल्ड ओबडधोबड, रंग पाटीवरही चढलेला, नंबर पुसट असेल तर हात मागे घ्यावा.

आता गॅस. गोदरेजने १९५८ साली भारतात फ्रिज बनवायला सुरुवात केली, त्या पिढीतल्या फ्रिजमध्ये आर-१२ असे. ओझोनच्या थराला त्याने भोक पडतं म्हणून १९८७ साली मॉन्ट्रियलचा करार झाला, भारत त्यात १९९२ साली आला, आणि २०१०पासून तो गॅस आपल्याकडे बंद झाला. त्याच्या जागी आर-१३४ए आला. तो ओझोनला काही करत नाही, पण हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त. आता बहुतेक नव्या घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो हवेला फारसा त्रास देत नाही, पण पेट घेतो. कॉम्प्रेसरवर पिवळा त्रिकोण आणि आत ज्वाळा दिसली तर हाच समजावा.

याचा संबंध थेट पार्टशी आहे. आयसोब्युटेनच्या फ्रिजमधला रिले, थर्मोस्टॅट, स्विच हे सगळं ठिणगी बाहेर पडणार नाही अशा बांधणीचं असतं. तिथे जुन्या धर्तीचा उघड्या संपर्काचा स्वस्त रिले बसतो, चालतो, फ्रिज थंडही होतो. आणि कधीतरी गळती झाली तर त्याच रिलेची ठिणगी घर पेटवू शकते. बसला म्हणजे तो त्या यंत्राचा पार्ट झाला, असं नाही. तसंच आर-१३४एच्या फ्रिजमध्ये स्वयंपाकाचा किंवा लायटरचा गॅस भरणारे आहेत, त्यांना दारातही उभं करू नये. त्या फ्रिजचे स्विच पेटत्या गॅससाठी बनलेलेच नाहीत. स्वस्त बाटलीतला गॅसही खरा असतोच असं नाही: २०११ साली बोटीवरच्या शीतकंटेनरांत आर-१३४एच्या नावाने भेसळीचा गॅस भरला गेला, तो ॲल्युमिनियमशी भिडला, आणि व्हिएतनाम नि ब्राझीलमध्ये दुरुस्ती करणारी तीन माणसं स्फोटात गेली. ती माझ्याच कामाची माणसं होती. त्यांची आठवण ठेवून मी बाटलीचं सील आणि बिल दोन्ही बघून घेतो.

आयसोब्युटेनची आणखी एक गंमत म्हणा, खोड म्हणा. फ्रीझरच्या थंडीला त्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. त्या बाजूला बारीक भोक पडलं तर गॅस बाहेर येण्याऐवजी कॉम्प्रेसर चालू असताना हवा आत ओढली जाते, पावसाळ्यात तर ओलसर हवा. मग केसाएवढ्या कॅपिलरीत बर्फ होतो, फ्रिज मधेच थंडावणं सोडतो, बंद केला की बर्फ वितळून परत चालतो. इथे नुसता गॅस भरून काय उपयोग? भोक शोधायचं, मोकळ्या हवेत गॅस काढायचा, नायट्रोजन फिरवायचा, मगच ज्योत पेटवायची. ड्रायर दरवेळी नवा, त्या गॅसला चालणारा, आणि त्याची टोपणं सांधा मारायच्या क्षणापर्यंत बंद, नाहीतर तो हवेतलाच ओलावा पिऊन बसतो. शेवटी व्हॅक्यूम, आणि पाटीवर लिहिलेले ग्रॅम वजनकाट्यावर मोजून. चाळीस-पन्नास ग्रॅमच्या हिशेबात हाताने अंदाज चालत नाही.

थर्मोस्टॅटबद्दल एकच सांगतो, कारण तिथे जिवाचा प्रश्न आहे. पुष्कळ घरांत फ्रिजमध्ये इन्सुलिन असतं. ते २ ते ८ अंशांत राहायला हवं, आणि एकदा गोठलं की फेकायचं. संपर्क चिकटलेला थर्मोस्टॅट फ्रिज बंदच होऊ देत नाही आणि मागच्या भिंतीजवळचं सगळं गोठतं. ब्रह्मपुरीतल्या एका आजींना मी शिकवलं: पेलाभर पाण्यात थर्मामीटर ठेवून पेला रात्रभर मधल्या फळीवर ठेवायचा आणि सकाळी आकडा बघायचा. दार उघडताच हवेचा आकडा उडी मारतो, पाण्याचा मारत नाही. आता त्या आजीच मला फोनवर अंश सांगतात.

इन्व्हर्टर फ्रिजने आमचे जुने नियम मोडले. तिथे तिन्ही पिनांचा रोध सारखा असतो, आणि आकड्यांची बेरीज शोधणारा चांगला कॉम्प्रेसर फेकून देईल. त्याला थेट वीज जोडली तर तो जळतो. बोर्ड गेला की नवा महागडा बोर्ड लावतात, पण कॉम्प्रेसरचं वाइंडिंग बॉडीला लागलेलं असेल तर तो नवा बोर्डही लावताक्षणीच जातो. म्हणून बोर्ड मागवण्याआधी प्लग काढून तीन पिना मोजायच्या, आणि बोर्डाच्या पेटीत पाल मरून पडलीय का तेही बघायचं. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्याचं मला मनापासून समाधान आहे. माझी मागणी त्याहून जरा पुढची. सर्किटचा नकाशा आणि सेन्सरचे कोणत्या अंशाला किती रोध हे आकडे प्रत्येक कंपनीने प्रत्येक मॉडेलसाठी सगळ्यांना उघडे करावेत. सेन्सर गेलाय की बोर्ड, हे तेवढ्यावर गिऱ्हाइकाच्या समोर बसून दहा मिनिटांत ठरतं.