गोल फिरतंय

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "दादा, नेट स्लो आहे, गोल फिरतंय." मी विचारतो, कधी? काकू म्हणतात, "नेहमीच!" थोडं खोदलं की कळतं, दुपारची मालिका नीट दिसते, रात्रीचा पिक्चर अडकतो. किंवा हॉलमध्ये सुरळीत आणि आतल्या खोलीत ठप्प. माझ्या मते निम्मं निदान या गप्पांतच होतं. पण गिऱ्हाइकाला ते काम वाटत नाही. आल्या आल्या राउटर बंद करून चालू केला तरच माणूस कामाचा! मी ते मुद्दाम टाळतो. तेवढ्याने तासभर बरं वाटतं आणि पुरावा पुसला जातो.

मग स्पीड टेस्ट दाखवली जाते. शंभरच्या प्लॅनवर नव्वदच्या वर आकडा, तरी टीव्ही अडखळतो. फुल एचडीला 5 आणि फोर-केला 15 एमबीपीएस पुरतात, असं खुद्द नेटफ्लिक्स सांगतं. म्हणजे वेग मुबलक आहे. पण व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो. प्लेअर पुढचे तुकडे साठवून ठेवतो आणि आधीचे किती लवकर आले ते बघून पुढच्याचा दर्जा ठरवतो. मध्येच खंड पडून साठा संपला की चित्र थांबतं, सरासरी कितीही चांगली असली तरी. शिवाय टेस्ट काढली जाते राउटरशेजारी उभं राहून मोबाइलवर, आणि टीव्ही असतो दोन भिंतींपलीकडे.

म्हणून आधी लॅपटॉपला लॅनची वायर लावायची. वायरवर ठीक चाललं तर दोष वायफायचा. राउटर शोकेसमध्ये, स्टीलच्या डब्यांमागे, नाहीतर टीव्हीच्या पाठीला चिकटलेला सापडतो. दिसायला बरं दिसत नाही म्हणून लपवलेला! 2.4 गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच: 1, 6 आणि 11. सोसायटीतले झाडून सगळे राउटर त्यांवर दाटीवाटीने बसतात, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात गुरगुरतो. 5 गिगाहर्ट्झवर गर्दी कमी, पण भिंतीपुढे तो लवकर दमतो. टीव्ही जागचा हलत नसेल तर सरळ वायर ओढावी. भिंतीवर पट्टी दिसते म्हणून लोक नाकं मुरडतात, त्याला इलाज नाही.

वायरवरही अडखळलं की माझं आवडतं काम सुरू होतं. लॅपटॉपवर दोन काळ्या खिडक्या उघडायच्या: एकीत राउटरला पिंग, दुसरीत बाहेरच्या सर्व्हरला. माइक म्यूस यांनी 1983 मध्ये लिहिलेलं हे इवलंसं साधन अजून मला सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. कोकणातून फिरून आलेल्या एका कुटुंबाकडे राउटरचं उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत येत होतं. बाहेरचं मात्र 14, 16 आणि मग एकदम 480, 610. घरातून बाहेर काय जातंय ते पाहिलं, तर चार्जिंगला लावलेला फोन सहलीचे सगळे व्हिडिओ क्लाउडवर चढवत होता. त्यांच्या प्लॅनमध्ये अपलोड डाउनलोडच्या मानाने फारच कमी. टीव्हीकडे आलेल्या डेटाची पोच वर जावी लागते, आणि तीही त्या व्हिडिओंमागे राउटरच्या रांगेत ताटकळत होती. बॅकअप थांबवला, आकडा 14 वर आला. जिम गेटिस यांनी 2010 च्या सुमारास स्वतःच्या घरच्या जोडणीवर हाच प्रकार पाहिला आणि त्याला बफरब्लोट म्हटलं. राउटरमध्ये अपलोडला खऱ्या क्षमतेच्या जरा खाली मर्यादा घातली की रांग साचत नाही. स्वस्तातल्या राउटरमध्ये ही सोय बहुधा नावापुरतीच असते. तिथे बॅकअप रात्री उशिरा लावणं बरं.

फायबरचं दुखणं वेगळं. कपाट सरकवताना ती काटकोनात मुडपते आणि प्रकाशाची पॉवर उतरते. उणे 27 डीबीएमच्या खाली गेली की लाइनचा भरवसा नाही.

आणि घरात दुसरं कुणी काही वापरत नसताना, पॉवर ठीक असताना, रोज रात्री नऊ ते अकरा बाहेरचा पिंग उड्या मारत असेल आणि पहाटे शांत असेल, तर गर्दी पलीकडच्या लाइनवर आहे. अशा वेळी फोनवरून मोठा प्लॅन गळ्यात मारला जातो. तो घेऊ नका. गर्दी जिथे आहे तिथे तुमचा प्लॅन पोचतच नाही. रात्रीचे आणि पहाटेचे पिंगचे स्क्रीनशॉट वेळेसकट काढून तक्रारीला जोडा, आणि लाइन तपासल्याशिवाय तक्रार बंद करू देऊ नका.