चिकन : नाव, नोंद आणि वस्ती

गुरुवर्यांच्या सेवेशी,


बेचिराग गावांविषयीच्या आपल्या टिपणात, म्हणजे महसुली दप्तरात नाव, हद्द आणि शिवार शाबूत असूनही ज्यांत वस्ती उरलेली नाही अशा गावांच्या चर्चेत, गावाचे अस्तित्व माणसांवर अवलंबून असते की नोंदीवर, असा प्रश्न उपस्थित झाला आहे. त्याच प्रश्नाला जोड म्हणून अलास्कातील चिकन या वस्तीचा विचार येथे मांडला आहे. अमेरिकेच्या जनगणनेत या वस्तीची लोकसंख्या २०१० साली ७ आणि २०२० साली १२ नोंदली गेली. एवढ्याशा वस्तीची दूरवर ख्याती आहे ती केवळ तिच्या नावामुळे, परंतु ती टिकून कशी राहिली याचे उत्तर एकट्या नावात सापडत नाही.

अलास्काच्या पूर्व भागात, कॅनडाच्या सीमेनजीक, फोर्टीमाइल नदीचे खोरे आहे. हान अथाबास्कन या मूळ रहिवाशांचा हा प्रदेश. कॅरिबू, म्हणजे तेथील रानटी रेनडिअर, यांच्या शिकारीवर त्यांचे जीवन बव्हंशी अवलंबून असे. १८८६ मध्ये, म्हणजे क्लोंडाइकच्या सुप्रसिद्ध सुवर्णशोधाच्या दहा वर्षे आधी, या नदीत सोने सापडले आणि शोधकांचे तांडे ओढ्याओढ्यांवर पांगले. येथील सोने खडकात खोल रुतलेले नसून ओढ्याच्या वाळूरेतीत मिसळलेले असते, आणि ते पाण्याने धुऊन वेगळे करावे लागते. अशा सोन्याला ‘प्लेसर’ सोने म्हणतात. ज्या ओढ्याकाठी प्रस्तुत वस्ती उभी राहिली, त्याचेही नाव चिकन क्रीक असेच आहे.

नावाची प्रचलित कथा अशी की, १९०२ च्या सुमारास टपाल कार्यालयासाठी गावाला अधिकृत नाव देण्याची वेळ आली, तेव्हा परिसरात विपुल असलेल्या टार्मिगन या पक्ष्याचे नाव सुचवण्यात आले. टार्मिगन हा तित्तिरवर्गातील, हिवाळ्यात पांढरा पिसारा धारण करणारा आणि पायाच्या बोटांपर्यंत पिसे असलेला पक्षी असून त्याची एक जात पुढे अलास्काचा राज्यपक्षी ठरली. या नावाच्या आरंभी उच्चारात न येणारे एक अक्षर असल्यामुळे त्याच्या स्पेलिंगवर एकमत होईना, म्हणून शोधकांनी सरळ ‘चिकन’ असे लिहून दिले, असे सांगतात. ही आख्यायिका म्हणूनच घ्यावी, कारण उत्तरेकडचे खाणकरी या पक्ष्याला बोलताना ‘चिकन’च म्हणत आणि त्यामुळे स्पेलिंगच्या वादाशिवायही हे नाव रूढ होऊ शकले असते. कथेतील टपालाचा भाग मात्र लक्षणीय आहे: माणसे सोन्यासाठी आली, परंतु गावाच्या नावाला शासकीय मान्यता मिळवून दिली ती पत्रांची थैली कोठे उतरवायची या व्यावहारिक गरजेने.

त्यानंतरच्या काळातील वस्तीचे अंतरंग ‘टिशा’ या पुस्तकात पाहावयास मिळते. अॅन हॉब्ज ही एकोणीस वर्षांची तरुणी १९२७ मध्ये चिकनच्या शाळेत शिक्षिका म्हणून घोड्यांच्या तांड्याबरोबर आली. तिच्या आठवणींवरून रॉबर्ट स्पेक्ट यांनी लिहिलेले हे पुस्तक १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. मुले ‘टीचर’ या शब्दाचा जो उच्चार करीत, तोच पुस्तकाचे शीर्षक झाला. मूळ रहिवाशांच्या मुलांना आपलेसे केल्याबद्दल गोऱ्या वस्तीकडून तिला सोसावा लागलेला रोष या पुस्तकात येतो, आणि इवल्याशा वस्तीत एकोपा असतोच हा समज त्यामुळे ढळतो.

पुढे हाती फावडे घेऊन सोने धुणाऱ्यांची जागा यंत्राने घेतली. फेअरबँक्सजवळच्या पेड्रो क्रीकवर १९३८ पासून चाललेले एक ड्रेज १९५९ मध्ये सुटे करून चिकनला आणले गेले आणि १९६७ पर्यंत ते तेथे चालले. ड्रेज म्हणजे स्वतःच खणलेल्या डबक्यात तरंगणारा कारखाना: पुढच्या बाजूने लोखंडी बादल्यांची अखंड माळ रेती उपसते, भोके पाडलेल्या फिरत्या पिंपात ती धुतली जाते, जड सोने खालच्या आडपट्ट्यांच्या पन्हळीत अडकते आणि उरलेले दगडगोटे मागच्या बाजूला ढिगांच्या रूपाने फेकले जातात. ड्रेज थांबल्यावर ते चालवणारी मोठी कंपनी निघून गेली. ते यंत्र आज तेथेच ऐतिहासिक वास्तू म्हणून उभे आहे आणि प्रवासी ते पाहावयास येतात.

प्रवासी येतात ते टेलर महामार्गाने. अलास्का महामार्गापासून सुमारे १०६ किलोमीटर आत गेल्यावर चिकन लागते आणि तोच रस्ता पुढे युकॉन नदीवरील ईगलपर्यंत जातो. परंतु साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत या रस्त्यावरील बर्फ हटवला जात नाही, आणि त्या काळात टपाल विमानानेच येते. गावाला विजेच्या जाळ्याची जोडणी नाही, सार्वजनिक नळयोजना वा सांडपाण्याची व्यवस्थाही नाही. जनरेटरवर काम भागवावे लागते. जनगणनेचा संदर्भदिन १ एप्रिल हा आहे, म्हणजे रस्ता अद्याप बंद असतानाचा. म्हणून ७ किंवा १२ हा आकडा वस्तुतः हिवाळा तेथे काढणाऱ्यांचा आहे. उन्हाळ्यात खाणकरी, दुकानदार आणि त्यांचे मदतनीस परततात, जूनमध्ये संगीत महोत्सवही भरतो, आणि ही सर्व माणसे या आकड्याबाहेर राहतात.

उन्हाळ्यातील या व्यवहारात नावाचा वाटा मोठा आहे. कोंबडीचे चित्र छापलेले सदरे, पेले आणि गावाचा शिक्का उमटलेली पोस्टकार्डे यांवर दुकाने चालतात. रेतीतील सोने अजूनही थोडेबहुत निघते, पण त्याच्या जोडीला नावाची ही मिळकत आली आहे. मात्र रस्ता नसता तर ते नाव पाहण्यास कोणी पोचले नसते, आणि टपाल कार्यालय नसते तर तो शिक्काही नसता. ओसरत्या सोन्याबरोबर उठून गेलेल्या असंख्य खाणवस्त्यांपासून चिकन वेगळे पडते ते या दोन सार्वजनिक सोयींमुळे.

आपल्या प्रश्नाच्या संदर्भात यातून एक पद्धतीविषयक सूचना निघते. दप्तरात ज्या गावासमोर शून्य किंवा अगदी लहान आकडा आढळतो, ते गाव ओसाड ठरवण्यापूर्वी ती मोजणी कोणत्या महिन्यात झाली आणि त्या महिन्यात तेथील माणसे कामासाठी कोठे असतात, हे तपासणे आवश्यक आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी बीडकडची गावे अर्धीअधिक रिकामी होतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या सूचनेचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.



आपला आज्ञाधारक विद्यार्थी