ठोकळ्यांची लोकल आणि चौथी सीट

आमच्या वस्तीतील अभ्यासिकेला लेगोच्या जुन्या ठोकळ्यांची एक पेटी व रुळांचे तुकडे भेट मिळाले. मुलांनी एकमुखाने लोकल करायचे ठरविले. पण गाडी केवढी करायची यावरून भांडण जुंपले. आम्ही पडलो कारकून. पट्टी आणि कागद घेऊन बसलो.

रूळ तयार मिळतात, ते रुंद-अरुंद करता येत नाहीत. म्हणून हिशेब रुळापासून धरावा. या डॅनिश कंपनीने १९६६ साली आगगाडी बाजारात आणली. तिच्या दोन रुळांत साधारण ३७.५ मिलिमीटर अंतर असते. युरोपचा स्टँडर्ड गेज १४३५ मिलिमीटरचा, म्हणजे प्रमाण १:३८. आपला ब्रॉडगेज १६७६ चा, म्हणजे जवळजवळ १:४५.

मुंबईच्या लोकलचा डबा सुमारे १२ फूट रुंद. या प्रमाणात तो ८१ मिलिमीटर होतो. ठोकळ्यावरच्या एका बटणाला ८ मिलिमीटर जागा लागते, तेव्हा दहा बटणे झाली. चार सेंटिमीटर उंचीचा लेगोचा माणूसही या मापाला शोभतो. कागदावर सगळे जुळले! पण २० मीटर लांबीचा डबा होतो ४४ सेंटिमीटर आणि वळणाच्या रुळाची त्रिज्या अवघी ३२. असा डबा वळणार कसा? शिवाय पेटीतले ठोकळे एका डब्यालाही पुरले नसते.

लेगोच्या कित्येक गाड्या सहाच बटणे रुंद असतात. ठोकळे कमी लागतात, अडीच फूट जागेत गाडी गोल फिरते. पालकांनो, घरी लहान मूल असेल तर सहाच घ्या. आमचाही कौल त्यालाच होता.

सातवीतली एक मुलगी मात्र ऐकेना. दोन भिंती वजा जाता आत उरतात चार बटणे. माणूस दोन बटणांचा, म्हणजे दोघांतच डबा भरला.

"काका, मग आईची चौथी सीट कुठंय?"

तिची आई रोज लोकलने कामाला जाते. चौथी सीट मिळाली तरी नशीब, असा तो प्रवास. हे ऐकल्यावर सहाचा आग्रह आम्ही सोडला.

शेवटी आठ बटणे ठरली. लांबी २५ सेंटिमीटरवर आणली. वळण सुटले, पण डबा एकच झाला, तोही लेडीज. आत तीन बटणांचा बाक आहे. त्यावर दोघी बसल्या आहेत. कडेची एक बटण बाहेर.