भूकंपाचा उजेड

आकाशाच्या बाबतींत मनुष्य भाग्यवान आहे. कोट्यवधि कोस दूर असलेला तारा त्याला अंगणांत उभें राहूनहि दिसतो. पायाखालची जमीन मात्र त्याला आपलें पोट दाखवीत नाहीं. रशियांतील कोला द्वीपकल्पावर १९७० सालीं शास्त्रज्ञांनीं मुद्दाम एक विवर खणावयास घेतलें. जवळजवळ वीस वर्षें खपूनहि तें १२ किलोमीटरांच्या थोडेंच खालीं गेलें. पृथ्वीची त्रिज्या सुमारें ६३७० किलोमीटर! आंब्याला टांचणी टोंचावी आणि ती सालींतूनहि पार होऊं नये, तशांतला हा प्रकार.

मग ४५०० मीटरांहून उंच असलेल्या तिबेटच्या पठाराखालीं पृथ्वीचें कवच ७० किलोमीटर जाड आहे, हें कोणीं व कसें पाहिलें? प्रश्न परदेशचा वाटतो. पण त्याचा आरंभ आपल्याकडेच झाला. एकोणिसाव्या शतकांत हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी चालली असतां कल्याणपूर व कलियाना या दोन ठिकाणांच्या अक्षांशांतील फरक जमिनीवरून एक आला आणि ताऱ्यांवरून सुमारें ५ विकलांनीं निराळा आला. हिमालय ओळंब्याला आपल्याकडे ओढीत असावा, अशी शंका आली. कलकत्त्याचे धर्मोपदेशक प्रॅट यांनीं गणित करून पाहिलें, तों ही तफावत १५ विकलांहून अधिक यावयास हवी होती! एवढा प्रचंड पर्वत, आणि त्याची ओढ इतकी थोडी कां? १८५५ सालीं एअरी यांनीं उत्तर सुचविलें कीं, पर्वत हा पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यासारखा आहे. वर जेवढा दिसतो त्याहून पुष्कळ अधिक तो खालीं बुडालेला असतो. अनुमान उत्तम होतें. साक्षीदार मात्र नव्हता.

तो साक्षीदार भूकंपाच्या रूपानें आला. १२ जून १८९७ रोजीं आसामांत महाभयंकर भूकंप झाला. भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्यांतील ओल्डहॅम यांनीं दूर युरोपांतील यंत्रांवर उमटलेल्या त्याच्या रेषा तपासल्या व दाखविलें कीं, पृथ्वीच्या पोटांतून दोन प्रकारच्या लाटा येतात: एक खडकाला दाबत-ताणत जाणारी, वेगवान, दुसरी त्याला आडवें हेलकावणारी, मंद. पुढें १९०९ सालीं झाग्रेबचे मोहोरोव्हिचिच यांनीं आपल्या प्रदेशांतील एका भूकंपावरून कवचाचा तळ ओळखला. त्या तळाखालीं लाटांचा वेग एकदम वाढतो.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकूं येईपर्यंत आंकडे मोजून ती किती दूर पडली, हें आम्ही लहानपणीं सांगत असूं. तिबेटांतहि युक्ति तीच. हजारों कोसांवरील भूकंपाची वेगवान लाट कवचाच्या तळाशीं येतांच तिचा कांहीं अंश मंद लाटेंत पालटतो व मागाहून वर पोंचतो. सामान्य भूमीवर हा उशीर ४-५ सेकंदांचा असतो. तिबेटांत तो ८-९ सेकंदांचा भरतो. अधिकच्या त्या चार सेकंदांत दुप्पट जाडीची सारी हकीकत आली!

१९९२ सालीं चिनी व अमेरिकन शास्त्रज्ञांनीं तेथें ‘इंडेप्थ’ नांवाची पाहणी सुरू केली. २००२ ते २००५ या काळांत दुसऱ्या एका मंडळानें नेपाळच्या सखल प्रदेशापासून पठाराच्या मध्यापर्यंत कंपमापकांची रांग मांडली. भारताचें कवच हिमालयापाशीं थांबत नाहीं. पठाराखालीं शिरून तें ३१ अक्षांशाच्या आसपास जातें, असें तींतून दिसून आलें.

हें सारें मी तरंगांचें प्रकरण शिकवितांना मोठ्या हौसेनें सांगतों. एके वर्षीं एक विद्यार्थी उभा राहून म्हणाला, “सर, इतकं खोल दिसतं, तर आधीं कां कळत नाहीं?” त्याचें गांव किल्लारीजवळचें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटें, गणपति बोळवून लोक झोंपले असतां, त्या मुलखांत सुमारें दहा हजार माणसें गेलीं. त्यांत त्याची आजी होती. वर्ग स्तब्ध झाला. मीं त्याला खरें तें सांगितलें: भूकंपाचा दिवस व घटका कोणालाहि सांगतां येत नाहीं.

पण प्रश्न तेवढ्यानें मिटला नाहीं. पुष्कळ भूकंप समुद्रतळाशीं होऊन जातात व कोणाला दुखवीत नाहींत, हें खरें. तरीहि ज्या उजेडांत आपण पृथ्वीचें अंतरंग पाहतों, तो कित्येकदां कोणाच्या तरी घराला लागलेल्या आगीचा असतो. ती आग आपण लावलेली नसते. परंतु त्या उजेडांत जो वाचतो त्याच्यावर कांहीं ऋण चढतेंच.

तें फेडण्यापुरतें ज्ञान आपल्यापाशीं आहे. भारत वर्षाला ४ ते ५ सेंटीमीटर उत्तरेकडे रेटतो आणि त्या रेट्याचा ताण देशाच्या अंतर्भागांतहि सांठतो, असें भूशास्त्रज्ञ मानतात. म्हणून दख्खनचें जुनें पठारहि सर्वस्वीं निर्धोक नव्हे. किल्लारीस माणसें मेलीं तीं मातींत रचलेल्या जाड दगडी भिंतींखालीं आणि धाब्यावरील मातीच्या ओझ्याखालीं. घटका सांगतां येत नसली तरी भिंत कशी बांधावी, हें निश्चित सांगतां येतें. तिबेटचें चित्र पाहून थक्क होणें सोपें आहे. आपल्या गांवच्या शाळेची भिंत कशी आहे, असें चौकशी करून विचारणें तितकें सोपें नाहीं. परंतु ऋण फिटावयाचें तें या दुसऱ्या गोष्टीनेंच.