सुगंध पानात नेमका कुठे असतो?

तुळस आणि गवती चहा एकाच भांड्यात, एकाच वेळी उकळण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. मला ती पटत नाही, आणि का पटत नाही हे पाहण्यासाठी वाचकहो, आपल्याला दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग पुरेल.

पुदिन्याचे पान उलटे करून भिंगाखाली धरावे. शिरांच्या मधल्या भागात बारीक, चकाकणारे ठिपके दिसतात. त्या तैलग्रंथी. तुळशीच्या पानावरही तशाच असतात. हे कुळ आपले सुगंधी तेल पानाच्या पृष्ठभागावर, अगदी नाजूक आवरणाखाली साठवते. म्हणून तर तुळशीवरून नुसता हात फिरवला तरी बोटांना वास येतो. असे पान दहा मिनिटे खळखळ उकळले की स्वयंपाकघर दरवळते आणि पेल्यात तेवढे कमी उरते. पाणी उकळल्यावर आच बंद करून मगच पाने टाकावीत आणि पाच मिनिटे झाकण ठेवावे. झाकणाला आतून लागलेले थेंबही पेल्यातच निथळू द्यावेत. सुगंधाचा बराच अंश त्यांत असतो.

गवती चहाचा न्याय निराळा. त्याच्या पात्यावरून हलका हात फिरवला तर वास फारसा येत नाही, उलट कड बोटाला कापते. गवताच्या पेशींत सिलिका असते ना! तेल असते ते पात्याच्या आत, शिरांच्या मधल्या थरात विखुरलेल्या एकेकट्या पेशींत, आणि त्या पेशींच्या भिंती काष्ठमय. अख्ख्या पात्याची गाठ मारून पाण्यात सोडली तर बहुतेक पेशी बंदच राहतात. पाती आडवी, बारीक कातरून दोनतीन मिनिटे उकळावीत. आल्याचेही तसेच. ज्याला आपण मूळ समजतो ते वस्तुतः जमिनीखाली वाढणारे खोड आहे. त्यावरची पेरांची वर्तुळे पाहावीत. तेलाच्या पेशी गाभ्यात असल्याने ठेचल्यावाचून गत्यंतर नाही.

खोडावरून वनस्पती ओळखताना मात्र जपावे. तुळस, पुदिना यांचे खोड चौकोनी आणि पाने समोरासमोर, हे खरे; परंतु माळावरच्या घाणेरीचेही तसेच असते, तिच्या पानांनाही उग्र वास असतो, आणि ती खाऊन गुरे दगावतात. पाकिटात पूड असेल तर खोड नाही, पान नाही, ग्रंथी नाहीत; नुसत्या डोळ्यांनी काहीच पारखता येत नाही. मी अख्खी वाळलेली पानेच घेतो, आणि तीही तळहातावर चुरडून, हुंगून.